सोबतीनं शिकल्या, म्हणून निभावलं

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, आज हे कुठलं काढलं? कारण आज आपण बोलणार आहोत नौदलाच्या शाळेबद्दल. जहाजं, युद्ध, वर्दी, कवायत. आपल्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण ही शाळा बायकांची होती, आणि तीही समुद्रापासून बरीच आत, एका लहानशा गावात. तिथे नुकत्याच पदवी घेतलेल्या पोरी होत्या, तशाच पस्तिशी ओलांडलेल्या बायकाही होत्या. जेमतेम दोन महिन्यांत सगळं शिकायचं होतं. ते त्या कशा शिकल्या, एकमेकींना कशा धरून राहिल्या आणि काम सरल्यावर त्यांचं पुढे काय झालं, एवढं मी सांगते. आपल्या गटाशी त्याचं नातं तुमचं तुम्हालाच दिसेल.

गोष्ट अमेरिकेतली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरच्या नौदल तळावर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. जहाजांवर माणसं हवी होती. पण नौदलाचे कितीतरी पुरुष किनाऱ्यावर, कचेऱ्यांत अडकलेले होते. कोणी संदेश पाठवतोय, कोणी हिशेब ठेवतोय, कोणी हवामानाच्या नोंदी करतोय. ही कामं बायकांनी केली तर ते पुरुष जहाजावर जातील, असा विचार पुढे आला. नौदलातल्या जुन्या मंडळींना तो पटेना. बायका आणि नौदल? शेवटी ३० जुलै १९४२ रोजी कायदा झाला आणि बायकांसाठी नौदलाचं दार उघडलं.

या नव्या दलाला नाव ठेवायचं होतं. एलिझाबेथ रेनार्ड नावाच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेनं नाव सुचवलं, ‘वेव्हज’. वेव्हज म्हणजे लाटा. पण त्यातल्या एकेका अक्षराला अर्थ होता. साधारण अर्थ असा, की आणीबाणीच्या सेवेसाठी स्वेच्छेनं आलेल्या आणि स्वीकारलेल्या स्त्रिया. त्यातला ‘आणीबाणी’ हा शब्द मुद्दाम घातला होता. कशासाठी? तर म्हाताऱ्या अधिकाऱ्यांना दिलासा मिळावा, की या बायका काही कायमच्या येत नाहीत, अडचणीपुरत्या येताहेत. मैत्रिणींनो, हा शब्द लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

या दलाच्या प्रमुख झाल्या मिल्ड्रेड मॅकाफी. वय ४२, वेलस्ली नावाच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख. अमेरिकी नौदलात अधिकारपद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि बायकांना अधिकारी बनवणारी शाळा सुरू झाली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थहॅम्प्टन गावी, स्मिथ कॉलेजात. हे कॉलेजही एका बाईच्या पैशातून उभं राहिलेलं. सोफिया स्मिथ यांनी मृत्युपत्रात आपली संपत्ती मुलींच्या शिक्षणासाठी ठेवली होती. मुलांना मिळतं तेवढंच चांगलं शिक्षण मुलींना मिळावं, ही त्यांची इच्छा. त्या पैशातून १८७५ मध्ये कॉलेज सुरू झालं. युद्धात या कॉलेजनं आपली काही वसतिगृहं नौदलाला दिली. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस पहिली तुकडी आली. कॉलेजच्या नेहमीच्या मुलींचे वर्ग एकीकडे चालूच, आणि दुसरीकडे निळ्या गणवेशातल्या बायकांची कवायत.

अधिकारी व्हायचं तर वय २० ते ४९ च्या दरम्यान हवं. पदवी हवी, नाहीतर दोन वर्षं कॉलेज आणि दोन वर्षं नोकरीचा अनुभव हवा. १८ वर्षांखालची मुलं असलेल्या बाईला मात्र घेत नसत. पगार त्याच हुद्द्याच्या पुरुषाएवढाच. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण अटीही होत्या. जहाजावर जायचं नाही, परदेशी जायचं नाही, पुरुषांवर हुकूम चालवायचा नाही.

आता शाळेतला दिवस कसा असायचा ते सांगते. पहाटे उठायचं. अंथरूण असं ताणून घालायचं की एक सुरकुती दिसता कामा नये. खोलीची तपासणी व्हायची, चुकलं की शेरा. मग रांग लावून जेवायला. जेवायची सोय गावातल्या हॉटेलच्या जुन्या खानावळीत होती. तिथपर्यंत सगळ्या जणी पावलं जुळवत भर रस्त्यातून चालत जायच्या. हिवाळ्यात त्या भागात बर्फ पडतं, तेव्हा बर्फातूनही. गावातली माणसं उभी राहून बघायची.

मग वर्ग. नौदलाचा इतिहास, कायदा, पत्रव्यवहार, हुद्दे, संदेश कसे पाठवायचे. जहाजाची आणि विमानाची नुसती आकृती बघून ते आपलं की शत्रूचं हे ओळखायचं. आणि या सगळ्याबरोबर एक नवी बोली. इमारत कॉलेजचीच, पण बोलायचं जहाजावर असल्यासारखं. खोलीतल्या जमिनीला म्हणायचं डेक. भिंत म्हणजे बल्कहेड. जिना म्हणजे लॅडर. स्वयंपाकघर म्हणजे गॅली. संडासाला म्हणायचं हेड! पहिल्या आठवड्यात केवढा गोंधळ होत असेल. आपल्याला हे नवीन नाही म्हणा. माहेरी ज्याला आपण कालवण म्हणत मोठ्या झालो, त्याला सासरी आमटी म्हणायचं, आणि चुकून जुना शब्द तोंडातून गेला की सगळं घर हसायचं. नव्या घरात रुळायचं तर आधी तिथली बोली उचलावी लागते, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक?

आणि गाणी. या बायका चालताना गायच्या. नौदलाचं एक जुनं, प्रसिद्ध गाणं होतं, ‘अँकर्स अवेघ’. ते पुरुषांचं. वेव्हजसाठी एक नवं गाणं तयार झालं, आणि त्याची चाल अशी बांधली होती की जुन्या गाण्याबरोबर एकाच वेळी म्हणता यावं. एका बाजूनं जुनं गाणं, दुसऱ्या बाजूनं नवं, आणि दोन्ही एकमेकांत बरोबर बसतात. गाणं असलं की पाय दुखत नाहीत, हे भांगलणीला एका ओळीत बसणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

या शाळेतल्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगते. नाव ग्रेस हॉपर. गणितात पीएच.डी., कॉलेजात गणित शिकवणारी. वय ३७. नौदलात जायचं म्हटलं तर वय जास्त, आणि वजन भरेना. नियमात बसायला जेवढं वजन लागायचं, त्यापेक्षा सुमारे सात किलो कमी. खास परवानगी काढून ती डिसेंबर १९४३ मध्ये नौदलात आली आणि पुढे या शाळेत दाखल झाली. आजूबाजूला तिच्या विद्यार्थिनींच्या वयाच्या मुली. त्या मुलींना शिस्तीचा जाच वाटायचा. हेच कपडे का, याच वेळेला का, असं व्हायचं. ग्रेसला मात्र उलटं वाटलं. तिनं पुढे सांगितलं, की आयुष्यात पहिल्यांदा मला एवढं मोकळं वाटलं. युद्धाच्या टंचाईत घर चालवायचं, शिकवायचं, जेवायला काय करायचं याचा रोज विचार करायचा. आणि इथे? सकाळी काय घालायचं ते ठरलेलं, जेवण आयतं. डोक्यातली सगळी बारीकसारीक ओझी उतरली आणि डोकं फक्त अभ्यासाला मोकळं झालं.

मैत्रिणींनो, इथे मी जरा थांबते. ‘आज भाजी काय करू?’ हा प्रश्न आपण आयुष्यात किती हजार वेळा विचारतो? दळण, पाणी, गुरांची वैरण, पोरांची फी, सासूबाईंचं औषध. हे सगळं डोक्यात घेऊनच आपण प्रशिक्षणाला येऊन बसतो आणि मग म्हणतो, ‘आता या वयात कुठं डोक्यात शिरतंय?’ डोकं म्हातारं झालेलं नसतं, डोकं भरलेलं असतं. ग्रेस हॉपरचं तेवढं ओझं दोन महिने उतरलं, आणि जून १९४४ मध्ये ती तुकडीत पहिली आली. तिथून तिला हार्वर्ड विद्यापीठात पाठवलं. तिथे पन्नास फूट लांबीचं गणित करणारं यंत्र होतं, आजच्या संगणकाचा पूर्वज म्हणा ना. त्या यंत्राला कामाच्या सूचना लिहून देणाऱ्या पहिल्या काही माणसांत ती होती. पुढे संगणकाला माणसाच्या भाषेच्या जवळ जाणारी भाषा समजावी, यासाठी तिनं मोठं काम केलं. १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी ती नौदलातून निवृत्त झाली, तेव्हा तिचा हुद्दा होता रिअर अॅडमिरल.

आता दुसरी गोष्ट, आणि मला विचाराल तर आजची खरी गोष्ट हीच.

वेव्हज सुरू झाल्या तेव्हा काळ्या स्त्रियांना त्यात प्रवेश नव्हता. देशासाठी काम करायला तयार, शिकलेल्या, पण रंगामुळे दार बंद. दोन वर्षं हे चाललं. काळ्या समाजाच्या संघटनांनी आवाज उठवला. मॅकाफीबाईंचंही म्हणणं होतं की त्यांना घ्यावं, आणि वेगळी रांग करून नव्हे, सगळ्यांच्या बरोबरीनं घ्यावं. शेवटी ऑक्टोबर १९४४ मध्ये परवानगी मिळाली. नोव्हेंबरमध्ये दोघींनी शपथ घेतली. हॅरिएट पिकन्स आणि फ्रान्सिस विल्स.

हॅरिएट ३५ वर्षांची. तिचे वडील काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मोठे कार्यकर्ते. आणि गंमत अशी, की हॅरिएट याच स्मिथ कॉलेजची १९३० ची पदवीधर. ज्या आवारात ती मुलगी म्हणून शिकली, तिथेच आता वर्दी घालून परत आली. फ्रान्सिस तिच्याहून लहान, समाजसेविका, अनाथ मुलांना घर मिळवून देणाऱ्या संस्थेत काम करणारी.

अडचण अशी होती की नॉर्थहॅम्प्टनच्या शाळेतली ही शेवटची तुकडी. २१ डिसेंबरला पदवीदान. म्हणजे इतरांना दोन महिने आणि या दोघींना सहा आठवडेही नाहीत. अभ्यास तोच, परीक्षा तीच. सगळ्यांचे डोळे यांच्यावर. या दोघी चुकल्या असत्या, तर ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना’ असं म्हणायला कितीतरी जण टपलेले होते. आपल्यातली पहिली सरपंच, पहिली कंडक्टर, पहिली ट्रॅक्टर चालवणारी यांना विचारा. पहिल्या बाईची चूक तिची एकटीची राहत नाही, ती सगळ्या बायकांच्या नावावर लागते.

पण या शाळेत त्यांना वेगळं बसवलं नाही. कवायत, वर्ग, जेवण सगळं इतरांबरोबर. त्या काळात अमेरिकी नौदलात काळ्या पुरुषांचंही प्रशिक्षण वेगळं व्हायचं, हे लक्षात घेतलं तर याचं महत्त्व कळतं. २१ डिसेंबर १९४४ रोजी दोघी अधिकारी झाल्या. अमेरिकी नौदलातल्या पहिल्या दोन काळ्या स्त्री अधिकारी. हॅरिएट तर तुकडीत तिसरी आली. त्या वेळचा एक फोटो प्रसिद्ध आहे. दोघी वर्दीत आहेत, मिळून एक सुटकेस दाबून बंद करताहेत, आणि दोघी मनापासून हसताहेत. पुढे दोघींना न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात पाठवलं. तिथे नौदलाच्या साध्या भरतीतल्या हजारो मुलींचं प्रशिक्षण चालायचं. हॅरिएट व्यायाम आणि कवायत घ्यायची, फ्रान्सिस नौदलाचा इतिहास शिकवायची. म्हणजे कालपर्यंत ज्यांना दारात उभं करत नव्हते, त्या आज आत येणाऱ्यांना शिकवत होत्या.

मघाशी मी म्हटलं, काळ्या पुरुषांचं प्रशिक्षण वेगळं व्हायचं. त्यांचीही एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स तळावर जानेवारी १९४४ मध्ये सोळा काळ्या पुरुषांची अधिकारीपदासाठी निवड झाली. एका बरॅकमध्ये सोळा जण. अभ्यासक्रम घाईघाईनं उरकायचा. या सोळा जणांनी आपसात ठरवलं, की पास झालो तर सगळे होऊ. कोणाला यंत्रांतलं कळायचं, कोणाला कायद्यातलं, कोणाला संदेशांतलं. ज्याला जे यायचं, ते तो बाकीच्यांना शिकवायचा. रात्री दिवे बंद करायचा हुकूम होता. मग हे काय करायचे, तर खिडक्यांना घोंगड्या लावून, आत बॅटरीच्या उजेडात अभ्यास करायचे. परीक्षेत गुण एवढे चांगले पडले की वरच्यांचा विश्वासच बसेना, म्हणून पुन्हा परीक्षा घेतली. तिच्यातही ते उतरले. तेवढं होऊनही सोळांपैकी तेराच जणांना पद दिलं. पुढे हे तेरा जण ‘गोल्डन थर्टीन’ म्हणून ओळखले गेले.

या दोन्ही गोष्टींत मला एक सारखेपण दिसतं. आपल्याकडे सोबत म्हणजे गप्पा, हळदीकुंकू, सहल असं आपण समजतो. तेही हवंच. पण खरी सोबत कामात कळते. जिला हिशेब येतो तिनं तो स्वतःपाशी न ठेवता दुसरीला शिकवणं, ही सोबत. उशिरा आलेलीला ‘तुझं मागचं राहिलंय, आता तुझं तू बघ’ असं न म्हणता तिला हात देणं, ही सोबत. गटात एकच बाई वही लिहिते, तीच बँकेत जाते, तीच साहेबांशी बोलते, आणि बाकीच्या नऊ जणी अंगठा लावतात, तर तो गट एका बाईवर उभा आहे. ती आजारी पडली, माहेरी गेली, की गट बसला. त्या सोळा जणांनी आपलं ज्ञान वाटून घेतलं म्हणून कोणी एकटा पडला नाही.

आता तो शब्द. आणीबाणी.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. तोवर नॉर्थहॅम्प्टनच्या शाळेतून नऊ हजारांच्या वर बायका अधिकारी होऊन बाहेर पडल्या होत्या, आणि वेव्हजची एकूण संख्या ऐंशी हजारांपुढे गेली होती. शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या बायका होत्या, हवामान सांगणाऱ्या होत्या, विमानतळाच्या मनोऱ्यातून वैमानिकांना सूचना देणाऱ्या होत्या. आणि युद्ध संपल्यावर बहुतेकींना घरी पाठवलं. नावातच लिहिलेलं होतं ना, अडचणीपुरत्या! पण काम तर दिसलं होतं. ते पुसता येईना. जून १९४८ मध्ये कायदा झाला आणि बायकांना नौदलात कायमची जागा मिळाली. तीही मोजूनमापून, एकूण संख्येच्या दोन टक्क्यांपर्यंत. आणि अमेरिकेची नौदलाची मुख्य अकादमी, अॅनापोलिसची, जी १८४५ पासून मुलांसाठी चालू होती, तिनं मुलींना पहिल्यांदा घेतलं ते १९७६ मध्ये. पहिल्या वर्षी ८१ मुली आल्या, त्यातल्या ५५ चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडल्या.

आपल्या देशातही असंच झालं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या भारतीय नौदलात स्त्रियांची शाखा होती. त्यातल्या कल्याणी सेन या अधिकारी १९४५ मध्ये ब्रिटनला जाऊन तिथल्या नौदलातल्या स्त्रियांचं काम पाहून आल्या. युद्ध संपलं, शाखाही संपली. पुन्हा नौदलात डॉक्टरांशिवाय इतर कामांसाठी स्त्री अधिकारी आल्या त्या १९९२ मध्ये. कायमच्या नेमणुकीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि निकाल लागला मार्च २०२० मध्ये. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली पहिल्यांदा २०२२ मध्ये दाखल झाल्या. मे २०२५ मध्ये त्यातल्या सतरा मुली मुलांच्या बरोबरीनं संचलन करत बाहेर पडल्या. म्हणजे आज तुमच्या घरात नववी-दहावीत असलेल्या मुलीसाठी हे दार उघडं आहे. तिला हे माहीत आहे का, एवढं आज विचारा.

आणि स्वतःलाही एक विचारा. करोना आला तेव्हा मास्क कोणी शिवले? गटांनी. दुष्काळात पाणी अडवायला श्रमदान करायला पुढे कोण होतं? बाया होत्या. अडचण असली की ‘ताई, तुम्हीच करू शकता’, आणि अडचण सरली की ग्रामसभेत खुर्च्या कोणाला? आपणही अडचणीपुरत्याच आहोत का?

यावर उपाय काय, तर त्या गोष्टीतच आहे. केलेलं काम कागदावर असलं पाहिजे. किती मास्क शिवले, किती दिवस श्रमदान केलं, किती कर्ज वेळेत फेडलं, याची नोंद आपल्या वहीत हवी. आणि शब्दावर नाही, ठरावावर विश्वास ठेवायचा. ‘पुढच्या वेळी बघू’ असं कोणी म्हटलं, तर म्हणायचं, लिहून घ्या आणि सह्या करा. वेव्हजनाही टाळ्यांनी नाही, कायद्यानं जागा मिळाली.

तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. आपल्या गटात बँकेची स्लिप भरता येणाऱ्या किती जणी आहेत, आणि उरलेल्यांना कोण शिकवणार? गेल्या वर्षभरात गटात उशिरा आलेल्या बाईला आपण मागचं समजावलं का? आणि आपण गावासाठी केलेल्या कोणत्या कामाची नोंद अजून कुठेच नाही?

शिकवायला रात्री बसावं लागलं तर बसा. आपल्याला खिडकीला घोंगडी लावायची गरज नाही. उलट दार उघडं ठेवा, म्हणजे शेजारीण पण येईल.

ऐकत राहा, शिकत राहा. नमस्कार.